तलाला नाव घाल

दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, "ह्याच्यावर काय काय होतं?" आणि माझं डोकं फिरतं. बाहेर पाटी आहे. सागवान, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, चामडं, कापड, काच, दगड, स्टील, पितळ, तांबं, सगळं लिहिलंय, तेही लेझरनेच कापलेल्या वीतभर अक्षरांत. ती पाटी ओलांडून माणूस आत येतो, गॉगल कपाळावर चढवतो आणि विचारतो, काय काय होतं. मी म्हणते, "पाटी वाचता येते का?" माझ्या जिभेला हाड नाही, असं अख्ख्या उरणच्या बाजारात बोलतात. बोलू देत. गिऱ्हाईक तरी माझ्याकडेच येतं.

दोन लेझर यंत्रं आहेत माझी. एक नळीचं, ते लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं, कापड असल्या मालासाठी. दुसरं फायबरचं, ते धातूसाठी. लोकांना वाटतं जादू आहे. जादूबिदू काही नाही, उजेड आहे नुसता. पण एका टिंबात असा गोळा केलेला की लाकूड जळतं आणि पोलाद काळं पडतं. त्याचा मोठा गुण हा की ते मालाला हात लावत नाही. दाबत नाही, ठोकत नाही. काचेच्या ग्लासावर अख्खी वेल काढली तरी ग्लास फुटत नाही. पॉलिस्टरचं कापड कापलं तर कड जागच्या जागी वितळून बंद होते, धागा सुटत नाही. आणि पहिला नग आणि पाचशेवा नग यांत केसाचाही फरक नसतो.

इथे या यंत्राला वर्षभर काम आहे. थर्माकोल बंद झाल्यापासून गणपतीची मखरं माझ्याकडे कापली जातात. क्रिकेटचे चषक तर विचारूच नका. आमच्या आगरी गावांत माणूस गेला की वर्षाच्या आत त्याच्या नावाने सामने होतात आणि चषकावर त्याचा फोटोही हुबेहूब कोरून द्यावा लागतो. होड्यांच्या इंजिनांच्या पट्ट्या येतात. खाऱ्या वाऱ्यात रंग टिकत नाही, स्टिकर टिकत नाही, कोरलेलं तेवढं टिकतं. रांगोळीचे साचे, लग्नाच्या पत्रिका, करवंटीच्या चमच्यावर कुठल्या तरी रिसॉर्टचं नाव. ह्या शेवटच्या गिऱ्हाइकाला मी एकदा विचारलं होतं की करवंटीने जेवायला माणसं पैसे देऊन येतात का? तो म्हणाला, "ताई, तोच तर फील आहे." माझ्या आजीने जन्मभर करवंटीने कालवण वाढलं. तिला कुणी फील विचारला नाही.

आणि नाही म्हटलेलं कुणाला कळत नाही. एकजण रेक्झिनचे तुकडे घेऊन आला, म्हणे बाइकच्या सीटवर नाव कापून हवं. मी सांगितलं, रेक्झिनमध्ये पीव्हीसी असतं, ते जाळलं की क्लोरीनचा वायू सुटतो, छाती भाजते आणि यंत्राचे आरसे गंजतात. तो म्हणाला, मुंबईत करतात. मी म्हटलं, मग मुंबईला जा. तो गेला आणि बाहेर उभा राहून मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "बाईमाणसाला मशीन देऊ नये." त्यानंतर दिवसभर मी ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात होते.

तर अशाच एका दिवशी, गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी, माझी आई दुकानात आली. दुकान सुरू करून सहा वर्षं झाली होती आणि ती एकदाही आलेली नव्हती. आई पंचाहत्तरीची. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डावा गेलेला आहे, उजव्यात आहे ते किती दिवस राहील सांगता येत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. अशी बाई गावातून एकटी मिनीडोर रिक्षा पकडून, ट्रेलरच्या रांगांमधून रस्ता ओलांडून आलेली.

मी ओरडलेच. "पडली असतीस म्हणजे?"

"परली न्हाय ना?" म्हणाली आणि चाचपून स्टुलावर बसली. "मना एक परात पायजे. नाव घालून."

आमच्याकडे भांड्यावर नाव 'घालतात'. दुकानातून घेतलेलं भांडं नाव घातल्याशिवाय घरात येत नाही, कारण ते गावात लग्नाकार्याला जातं आणि शंभर भांड्यांतून आपलं ओळखून परत आणायचं असतं. मी म्हटलं, "घालते. कुणाचं घालू?"

"माजा."

मी कागद ओढला आणि तिचं रेशनकार्डावरचं नाव लिहायला लागले.

"ता नाव न्हाय," ती म्हणाली. "ता तुज्या बापानं ठेवलेला. माजा घाल."

आणि तिने आपलं नाव सांगितलं. माझं वय तेव्हा एकोणपन्नास. एकोणपन्नास वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. तिचे आईवडील लवकर गेले, भाऊ तिला बाय म्हणायचे, बापूस "अगो" म्हणून हाक मारायचा, आम्ही आई. ते नाव उच्चारणारं माणूसच उरलं नव्हतं. मला आधी काय वाटलं असेल, तर राग. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस म्हणून तिचाच राग आला.

"इचारलंस कदी?" ती म्हणाली.

मग तिने दोन गोष्टी सांगितल्या, अगदी शांतपणे. एक, नाव तळाला घालायचं, परातीच्या आत, मधोमध. दुसरी, ते हाताला लागलं पाहिजे. "हाय तवर डोल्यानं बगीन. मंग हातानं."

मी म्हटलं, तळाला कुणी नाव घालतं का? नाव काठावर असतं. तळाला घातलं तर पीठ भरेल त्यात, घासताना जीव जाईल. ती ऐकून घेते आणि पुन्हा तेच बोलते, तिची ती सवय मला लहानपणापासून चीड आणते. "तलाला नाव घाल," एवढंच पुन्हा म्हणाली. मागे चषकवाले उभे होते, त्यांना घाई होती. बरं, म्हटलं, घालते तळाला.

आता माझ्या बापसाबद्दल सांगायला हवं. तो बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालायचा. हातात छिन्नी, छोटी हातोडी, पुढ्यात लोखंडी ठोकळा. ठक ठक ठक करत टिंबाटिंबांचं अक्षर उमटवायचा. तेव्हा पंचक्रोशीत एकही लग्न असं झालं नसेल ज्याच्या रुखवतात त्याच्या हातची अक्षरं नव्हती. अक्षर सुरेख होतं, सरळ रेषेत, पट्टी न लावता. आणि तरी आमच्या घरात एकही भांडं आमच्या नावाचं नव्हतं. जी होती ती सगळी परक्यांची होती आणि चुकलेली होती.

आगरी बोलीत 'ण' नाही. आम्ही पानी पितो, लोनी खातो आणि कोन आलंय ते बघतो. 'ळ' पण नाही, आमचा तळ तल असतो. बापूस चौथीपर्यंत शिकलेला. कानाला जे ऐकू येईल ते हात लिहायचा. भांड्यावर सगळ्यात जास्त लागणारा शब्द कोणता, तर 'स्मरणार्थ'. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. तो घालायचा 'स्मरनार्थ'. गावातल्या गिऱ्हाइकाला काही वाटायचं नाही, पण बाजारातल्या शिकलेल्या घरांतून भांडं परत यायचं. दुकानाचा गुजराती शेठ ते सगळ्यांसमोर उचलून धरायचा. "अरे, आ शुं केलंस? पुन्हा 'न'? चुकलं ते तुझं, घेऊन जा घरी." चुकलं ते तुझं, हा शेठचा कायदा.

त्यामुळे आम्ही ज्या तांब्याने पाणी प्यायचो तो कुणाच्या तरी कैलासवासी आजोबांच्या स्मरनार्थ होता. ताट कुणा मामींच्या स्मरनार्थ. आई भाकऱ्यांचं पीठ मळायची ती जाड पितळी परात कुणा सेवानिवृत्त हेडमास्तरांच्या स्मरनार्थ होती. मला कितीतरी वर्षं वाटायचं की स्मरनार्थ हे आमचं आडनाव असावं. आता हसू येतं, पण शेठचा तो वर धरलेला हात आठवला की अजून कानशिलं तापतात. माझ्या बापसाची चूक काय होती? त्याच्या आईने त्याला ज्या बोलीत अंगाई म्हटली त्या बोलीत त्याने लिहिलं.

मला शाळेत बाजारातल्या पोरांबरोबर घातलं. तिथले मास्तर मला उभं करून विचारायचे, "सकाळी भाकरीबरोबर काय खाल्लं?" मी म्हणायची, "लोनी." वर्ग खो खो हसायचा. मास्तरही हसायचे, आणि मग पाटीवर पन्नास वेळा लोणी लिहून घ्यायचे. रोज तोच प्रश्न. लोणी आमच्या घरात सणालाही नसायचं. मास्तरांना तोच शब्द हवा असायचा म्हणून मी खोटं बोलत होते आणि वर हसं करून घेत होते. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

पण शिकले. अशी शिकले की अकराव्या वर्षी पायरीवर जाऊन बापसाला सांगितलं, "बाबा, ते स्मरणार्थ असतं."

"मी त्याच घातलाय," तो म्हणाला. त्याला फरक ऐकूच येत नव्हता.

मग मी त्याला चिठ्ठ्या लिहून द्यायला लागले. शाळा सुटली की पायरीवर बसायचं, गिऱ्हाईक सांगेल ते शुद्ध करून कागदावर लिहायचं, त्याने कागदावरून उतरवायचं. भांडी घरी येणं बंद झालं. शेठ खूश, मी खूश. बापूस हळूहळू बोलायचा थांबला. आधी तो अक्षर उमटवताना ते मोठ्याने म्हणायचा; आता माझ्या कागदाकडे बघून मुकाट्याने ठोकायचा. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त माझं शुद्धलेखन दिसत होतं.

तीच खोड दुकानात आली. गिऱ्हाईक फोनवर मजकूर पाठवतं, त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, सगळं माझ्या हाताखालून सरळ होऊन जातं. यंत्र चूक करत नाही. जे द्याल ते कोरतं. म्हणून देणाऱ्याने चुकायचं नाही, असं मी माझ्याकडे कामाला असलेल्या दोघींना रोज ऐकवते. बाजारात म्हणतात, जिभेने तिखट आहे पण पाटी एकदम शुद्ध करून देते.

आईसाठी मी स्टीलची नवी परात आणली. तिने सांगितलेलं नाव यंत्राला दिलं, तळाच्या मधोमध घेतलं. स्टीलवर खोल न कोरता नुसता तापवून काळा ठसा उमटवता येतो. सुरेख दिसतो, घासून जात नाही, पत्रा गुळगुळीत राहतो, पीठ अडकत नाही. आईचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं. एका मिनिटात काम झालं. मी परात पुसली, उजेडात धरली आणि खरं सांगते, मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

घरी नेली. आई पडवीत बसली होती. तिने परात मांडीवर घेतली, उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेली, तिरकी केली. बाहेर कडक ऊन होतं, स्टील चमकत होतं, तिला काही दिसेना. मग तिने तळावर बोटं फिरवली. मधोमध, मग डावीकडे, मग काठापर्यंत, मग परत.

"कुटं घातलंस?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"लागत न्हाय."

"अगं, आहे. काळं आहे. वाचून दाखवते." आणि मी ते नाव वाचलं.

आईने मान वर केली. माझ्या दिशेने बघत म्हणाली, "ती कोन?"

मला वाटलं चेष्टा करते. म्हटलं, "कोण म्हणजे? तू."

"मी न्हाय. तू कुनाचा नाव घातलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या नावात मधे एक 'न' आहे. पुस्तकात त्या नावात 'ण' असतो. तिने 'न' सांगितला होता, मी ऐकला होता, आणि हाताने 'ण' दिला होता. विचारसुद्धा केला नव्हता. तरी मी वर तोंड करून तिला समजवायला गेले. "आई, ते शुद्ध तसं असतं. तू म्हणतेस ते बोलण्यात."

"मंग ती शुद्धवाली दुसरी कोन आसल," ती म्हणाली. "मना म्हाईत न्हाय ती."

तिने परात माझ्याकडे सरकवली. रागावून नाही. शेजारणीचं भांडं चुकून आपल्याकडे आलं की जसं देतात तसं. मी तिथे पडवीत बसले आणि मला माझाच राग आला. बापसाने तिचं नाव एकदा घालवलं होतं. मी पन्नाशीला आलेली, स्वतःच्या दुकानाची मालकीण, मी ते दुसऱ्यांदा घालवलं, आणि वर वाचूनही दाखवलं. ज्या मास्तरांच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली ते माझ्याच हाताने आईच्या परातीवर लिहून गेले होते. चुकलं ते तुझं, घेऊन जा घरी. इथे तर परात आधीच घरी होती.

रडायचं नव्हतं म्हणून विचारलं, "तळालाच का हवंय तुला?"

तिने सांगितलं ते असं. लग्नात बायकोचं नाव बदलून ते तांदळात लिहायची चाल आमच्यात तेव्हा नव्हती. ती शिकलेल्या घरांतली. बापूस भांडी पोचवायला त्या घरांत जायचा, तिथे त्याने पाहिलं होतं. त्यालाही तसं करायचं होतं. मांडवात परात मागवली, तांदूळ पसरले. अंगठी नव्हती, म्हणून खिशातली छिन्नी काढली आणि त्या छिन्नीनेच तांदळात नाव लिहिलं. कुठलं नाव? त्याच आठवड्यात कुणा वकिलाच्या सुनेच्या ताटावर घातलेलं. त्याला आवडलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय अक्षर आहे म्हणाले.

"मना वाचता येत व्हता का?" आई म्हणाली. "मना वाटला, वर ता नाव हाय, तर माजा तांदलाखालती आसल. मंग सासूनं तो तांदूल उचलला नि शिजवला. मी वाकून बगितला. खालती कायपन नव्हता. नुसती परात."

सतरा वर्षांची होती ती. आणि तो माणूस पुढे चाळीस वर्षं जगाची नावं घालत होता. कामवाल्या बाईचं घातलं, कुत्र्याच्या पट्ट्यावर कुत्र्याचं घातलं. हिचं एका वाटीवर घालायला सुचलं नाही. तो आज असता तर मी त्याला पायरीवर जाऊन विचारलं असतं. नाही तो, म्हणून हे कुठे ठेवू ते मला कळत नाही.

मी उठले. "दुसरी आणते. जाड पितळेची."

"दुसरी कशाला? हीच घे." तिने चुलीकडे हात केला. तिथे हेडमास्तरांची परात होती, काठावर 'स्मरनार्थ' असलेली.

पितळ लवकर ऐकत नाही. ते चकाकतं आणि उजेड परत फेकतं. खोल जायचं तर त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. हातोडी असती तर तळाला जमलंच नसतं, ठोकलं की तळ बसतो आणि परात डुगडुगते, म्हणून तर नावं काठावर घालतात. यंत्र ठोकत नाही. आईला हवं होतं ते बापसाच्या हाताला जमलं नसतं, माझ्या यंत्राला जमणार होतं. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि लगेच त्याचाही राग आला, कारण सहा वर्षं मी ते यंत्र करवंट्यांवर चालवत होते.

अक्षरं मी संगणकातली घेतली नाहीत. घरातली सगळी चुकलेली भांडी दुकानात नेली, बापसाच्या अक्षरांचे फोटो काढले. तांब्यावरून एक, मामींच्या ताटावरून एक, वेलांटी एका डब्यावरून. 'न' घ्यायला कुठे जावं लागलं नाही. त्याच परातीच्या काठावर होता, 'स्मरनार्थ' मधला, अकरा टिंबांचा. यंत्राला काय, जे द्याल ते कोरतं. त्याने आयुष्यात घातलं नाही ते नाव मी त्याच्याच अक्षरांत त्याच्याकडून घालून घेतलं. चाळीस वेळा यंत्र त्या टिंबांवरून गेलं. मधे मधे थांबून मी ब्रशने पितळेची भुकटी झाडत होते. दोन्ही मुलींना मी त्या दिवशी सुट्टी दिली होती आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून परत पाठवलं.

आईने परात मांडीवर घेतली. बोट मधोमध ठेवलं आणि ते लगेच थांबलं. पहिलं अक्षर. मग पुढचं. ती वाचत नव्हती, तिला वाचता येत नाही. पण पन्नास वर्षं ती त्या टिंबांच्या भांड्यांना हात लावत आलेली. 'न'वर बोट आलं तेव्हा ते काठावर गेलं, तिथला 'न' चाचपला, पुन्हा तळाला आलं.

"तुज्या बापाचा हात," ती म्हणाली. बोट तिथेच ठेवून म्हणाली, "घातला बग शेवटी."

मग तिने मला तांदळाचा डबा आणायला लावला. चार मुठी तांदूळ परातीत ओतले, हाताने सारखे केले, नाव पार झाकलं गेलं. मी बघत होते. तिने त्यावर काही लिहिलं नाही. तर्जनी तांदळात खुपसली, तळापर्यंत नेली, आणि दाणे बाजूला सारत सारत डावीकडून उजवीकडे गेली. बोट जिथे जाईल तिथे खाली पितळ उघडं पडत होतं. शेवटच्या अक्षराला पोचल्यावर तिने आपलं नाव मोठ्याने घेतलं, चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. समोरची बाई बाहेर आली, कुणाला हाक मारली म्हणून.

"मना," आई म्हणाली.

उजवा डोळा आता गेला आहे. ती अजूनही त्याच परातीत भाकऱ्यांचं पीठ मळते. स्टीलची मी वापरते. लोक विचारतात, हे तळाला कुणाचं नाव, मी म्हणते, चुकलेलं आहे, आमच्याकडे चुकलेली भांडीच वापरतात.

तिचं खरं नाव मी इथे लिहिणार होते. लिहिलंही होतं. मग वाटलं, छापणाऱ्यापर्यंत जाईस्तोवर कुणीतरी शहाणा त्यातला 'न' सुधारेल. म्हणून खोडलं.